वाघानं चावलेली काठवट

माणचा कुशाबा खोटं बोलायचा नाही. तो फक्त खऱ्याला थोडी पेंड खायला घालायचा. आता पेंड खाऊन खरं बैलाएवढं फुगलं, तर त्यात त्याचा काय दोष?

त्याचं शेत आयटी पार्कात गेलं, त्यातून गावात तीन मजले उभे राहिले, बारा खोल्या निघाल्या आणि बारा भाडेकरू आले. बाकीचे घरमालक भाडेकरूंना पाणी किती वाजता सुटतं ते सांगायचे. कुशाबा त्यांना संध्याकाळी गच्चीवर बसवून सांगायचा, की आमच्या शेतातल्या आंबेमोहराचा वास इतका लांब जायचा की तालुक्याच्या पौडहून आलेल्या मोजणीवाल्यानं वासाच्या कडेकडेनं साखळी टाकली आणि शेत सव्वा एकर जास्त भरलं. समोर हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत दिवे लागलेले असायचे. पोरं दिवसभर तिथं खुर्चीला चिकटून आलेली, ती पोट धरून हसायची. घरभाडं थोडं चढं होतं, पण करमणूक धरून होतं.

सगळ्या गोष्टींत मानाची गोष्ट काठवटीची. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. कुशाबानं तरणेपणी बांधावरच्या शिवणीच्या खोडातून ती स्वतः कोरली होती. तिच्या काठाचा चार बोटं रुंद तुकडा उडालेला होता. का उडाला? तर एकदा कुशाबा पौडहून सातबारा घेऊन येत असताना ताम्हिणीच्या घाटात वाघ आडवा बसला. तीन दिवस हलेना. शेवटी कुशाबानं काठवट पुढं केली, वाघानं तिचा कचकन चावा घेतला, शिवणीची चव काही त्याला आवडली नाही, आणि तोंड वाकडं करून तो निघून गेला. तालुक्याच्या कामाला काठवट कशाला नेली होती, असं कुणी विचारलंच तर पुढच्या महिन्यापासून त्याचं भाडं वाढायचं.

कुशाबाची नात गौतमी ह्या वाघावरच वाढली. जेवताना वाघ, झोपताना वाघ. पुढं ती शिकायला म्हणून कॅनडात हॅमिल्टन नावाच्या गावाला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. जाताना बॅगेतले स्वेटर काढून तिनं ती काठवट आत घातली. थंडीचं काय, म्हणाली, ती सोसता येते. भाकरी ताटात मळता येत नाही.

तिथं ती मॅकलॉड नावाच्या माणसाच्या घरात एक खोली घेऊन राहिली. स्वयंपाकघर मालकाचं आणि तिचं एकच. दोन वर्षांनी तिनं दुसरीकडं घर घेतलं, सामान हलवलं, आणि काठवट न्यायला परत गेली तेव्हा ती मॅकलॉडच्या दिवाणखान्यात फळं घालून मांडलेली. मॅकलॉड म्हणाला, ही तर आमची जुनी फळांची परात, माझ्या बायकोनं बाजारातून आणलेली. आणि काठाला जो तुकडा नाही, ती म्हणे मुद्दाम केलेली कलाकुसर.

गौतमी आजोबांच्या वळणावर गेलेली नव्हती, आजीच्या गेलेली होती. ती सरळ दाद मागायला निघाली. पहिल्यांदा भाडेकरूंच्या तक्रारी ऐकतात तिथं गेली. त्यांनी विचारलं, स्वयंपाकघर मालकाबरोबर होतं का? होतं. मग तुझं प्रकरण आमच्याकडं येत नाही, छोट्या दाव्यांच्या कोर्टात जा. मग ती एका वकिलाकडं गेली. तो भला माणूस होता. तो म्हणाला, माझ्या फीमध्ये तुला लाकडाची अख्खी वखार येईल. तू स्वतःच लढ, कायद्यानं चालतं. तेव्हा गौतमी दिवसा नोकरी करून संध्याकाळी फॉर्म वाचू लागली. पहिला अर्ज परत आला, कारण मॅकलॉडला प्रत पोचवल्याचं शपथपत्र जोडलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा शपथपत्र होतं, पण सही भलत्या रकान्यात. फोनवर ती हे सांगायला लागली की कुशाबा पौडच्या कचेरीच्या आठवणींनी गहिवरायचा आणि म्हणायचा, आगं, मंग परदेश कशाला म्हनायचं त्याला.

आणि नेमकी तिथं एक गोष्ट झाली, जी फक्त कुशाबाच्या घरातच होऊ शकते. फुकट सल्ला देणाऱ्या बाईनं गौतमीला सांगितलं, त्या वस्तूबद्दल तुला जे जे माहीत आहे ते सगळं अर्जात लिही. गौतमीनं जे जे माहीत होतं ते सगळं लिहिलं. वस्तू: काठवट. लाकूड: शिवण. बनवणारा: माझे आजोबा. खुणा: काठाचा तुकडा गेलेला. कारण: वाघ.

मॅकलॉडनं एक टायवाला माणूस लावला होता. पुरा वकील नव्हे, पण छोट्या दाव्यांपुरता परवाना असलेला. त्याला हे वाचून सण साजरा करावासा वाटला असणार. त्यानं उत्तरात लिहिलं, की लाकडावर दाताची खूण नाही, भांडं वाघाच्या तोंडात मावत नाही, आणि जी बाई न्यायालयाला वाघ सांगते तिच्या बाकीच्या म्हणण्याला काय किंमत द्यावी? तेव्हा न्यायाधीशबाईंनी गौतमीला सांगितलं, ही गोष्ट ज्यानं डोळ्यांनी पाहिली त्याला साक्षीला आण. लांब असेल तर व्हिडिओवरून आण.

असं कुशाबाला कॅनडाच्या कोर्टाचं बोलावणं आलं.

पहिले चार दिवस तो जमिनीवर नव्हताच. रस्त्यात भेटेल त्याला थांबवून तारीख सांगायचा. दुभाषी ठेवलीय आपल्यासाठी, सरकारी खर्चानं, असंही सांगायचा. वाघाला त्यानं आणखी थोडी पेंड घातली. आता तिथं वाघीण आणि दोन बछडी आली होती. सात नंबरच्या खोलीतला निषाद, नागपूरकडचा पोरगा, त्याच्याकडं सगळ्यात चांगलं इंटरनेट होतं म्हणून साक्ष त्याच्या खोलीतून व्हायची होती. तो एकदा दबकत म्हणाला, "काका, ते कोर्ट आहे. वाघ टिकणार नाही तिथं."

कुशाबाही ते मनात जाणून होता. पण साक्षीच्या आदल्या दिवशी गौतमीचा फोन आला. तिनं सगळे प्रश्न लिहून काढले होते, आवाज दमलेला होता. शेवटी तिनं विचारलं, "आबा, एकच सांगा. वाघ खरा होता ना?"

"खरा म्हंजे काय, मिशा व्हत्या त्याला," कुशाबाच्या तोंडून निघून गेलं.

फोन ठेवल्यावर तो हिशेब मांडत बसला. वाघ म्हणावा तर पोरगी हरणार. वाघ नाही म्हणावं तर ज्या पोरीला खांद्यावर बसवून वाघ दाखवला, तिच्यासमोर, आणि दाराबाहेर कान लावून बसणाऱ्या अकरा भाडेकरूंसमोर तो कोण उरणार? त्यानं ठरवलं, वाघच. मोठ्यानं आणि ठणकावून. रंभाबाई, त्याची बायको, समोर लसूण सोलत बसली होती. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा लसणात मान घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसात वाजता, म्हणजे तिकडच्या सकाळी दहाला, कुशाबा फेटा बांधून निषादच्या टेबलाशी बसला. भिंतीवर गिटार लटकत होती, पलंगावर रंभाबाई बसली होती, लॅपटॉपशेजारी निषाद उभा होता, बाहेरच्या जिन्यात चपलांचा ढीग पडला होता. पडद्यावर चौकटी उघडल्या. एकीत पांढऱ्या केसांच्या न्यायाधीशबाई, एकीत गौतमी, एकीत मॅकलॉड आणि टायवाला, आणि एकीत दुभाषी साधनाताई. साधनाताई मूळच्या पुण्याच्या पेठेतल्या. त्या "कुशाबा, आपण स्थानापन्न झालात का?" असं म्हणाल्या, तेव्हा कुशाबानं सावधगिरी म्हणून आधी रंभाबाईकडं पाहिलं.

न्यायाधीशबाईंनी आधी गौतमीला सांगितलं, की तुमच्याकडं वकील नाही, म्हणून कोणती पायरी कधी येते हे मी समजावून सांगेन. पण बाजू तुमचीच तुम्ही मांडायची. मग कुशाबाच्या खोलीत कोण कोण आहे ते विचारलं, आणि साक्ष चालू असताना एक शब्दही सुचवायचा नाही अशी रंभाबाईंना ताकीद दिली. साधनाताईंनी ती सांगितल्यावर जिन्यातून कुणीतरी खोकलं.

मग शपथ. धर्मग्रंथावर घ्यायची की नुसती वचनावर? कुशाबा नुसतं वचन म्हणणार, तोच रंभाबाई उठली, पदराखालून एक ताटली काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. ताटलीत बेलाची पानं होती आणि त्यावर चिमूटभर पिवळा भंडारा.

कुशाबाच्या फेट्याखाली घाम फुटला. माणमध्ये माणूस तलाठ्यापुढं खोटं बोलेल, सासऱ्यापुढं बोलेल, पण ग्रामदेव म्हातोबाच्या नावानं बेलभंडारा हातात घेऊन कुणी बोललेलं ऐकिवात नव्हतं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे काय आहे? साधनाताईंनी नीट समजावलं. मग बाईंनी विचारलं, की ह्या शपथेनं साक्षीदाराचं मन बांधलं जातं का?

"बांधलं जातं," कुशाबा खोल आवाजात म्हणाला. "लई आवळून बांधलं जातं."

त्यानं बेलभंडारा उचलला.

गौतमीनं कागद हातात घेतला. काठवट कुणी केली? म्या. कशाची? शिवणीची. किती दिवस लागले? कुशाबाच्या जिभेवर दीड वर्ष आलं होतं. ओंजळीतला भंडारा बघून त्यानं ते गिळलं आणि अकरा दिवस म्हणाला. मग चौथा प्रश्न, ज्याच्यासाठी हा सगळा मांड मांडला होता.

"आबा, काठाचा तुकडा कशानं उडाला?"

जिन्यातली मंडळी दाराला टेकली. कुशाबानं एकदा पोरीच्या तोंडाकडं पाहिलं.

"वाघ न्हवता," तो म्हणाला.

आणि मग एकदा बूच निघाल्यावर सगळंच बाहेर आलं. तो पौडला सातबारा आणायला गेला होता हे खरं. त्याच दिवशी परत यायचं, हेही खरं. पण वाटेत एका यात्रेत कुस्त्यांचा फड लागलेला दिसला. एक कुस्ती बघावी म्हणून थांबला, ती दुसऱ्या दिवशी संपली आणि तिसऱ्या दिवशी इनामाची होती. घरी आल्यावर काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून त्यानं ताम्हिणीच्या घाटात वाघ बसवला. रंभाबाई तेव्हा भाकरीचं पीठ मळत होती. तिनं एवढंच विचारलं, की पौडहून माणला येताना ताम्हिणी लागते कुठं? ताम्हिणीचा घाट पौडच्या पार पलीकडं, घराच्या उलट्या दिशेला.

"त्येचा म्या इचारच केला न्हवता," कुशाबा म्हणाला. "मंग हिनं पिठासकट काठवट उचलली आन् मला हानली. म्या खाली वाकलो. ती दाराच्या चौकटीवर बसली आन् तुकडा उडाला. वाघबिघ काय न्हाई. ही व्हती."

साधनाताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. शेवटच्या वाक्याला न्यायाधीशबाईंनी रुमाल तोंडाला लावला आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. जिन्यात मात्र कुणीतरी पायरीवरून घसरल्याचा आवाज आला.

आता टायवाला उठला. त्याचा चेहरा पंगतीला बसल्यासारखा झाला होता. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं घरादाराशी, गावाशी खोटं बोललात, हे कबूल? कबूल. मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा? कुशाबानं ओंजळ पुढं केली. ते बाजूला ठेवा, टायवाला म्हणाला. तुम्ही स्वतः घरमालक आहात ना? व्हय. भाडेकरू गेल्यावर मागं राहिलेली वस्तू तुम्ही ठेवून घेता ना?

हा प्रश्न त्यानं का विचारला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. कुशाबा नाही म्हणेल आणि मग आपण त्याला आणखी एका खोट्यात पकडू, असं वाटलं असेल. पण कुशाबाच्या हातात अजून भंडारा होता.

"ठिवतो," तो म्हणाला. "ती भित्तीवर गिटार हाय ना, ती विकासची. हितं ऱ्हायला व्हता. करोनात घाईनं गावाला गेला, ऱ्हायली. पुढं त्यानं दोनदा फोन केला. म्या म्हनलो, कुटली गिटार? आन् ह्या निषादला सांगितलं, खोली गिटारीसकट हाय, म्हनून भाडं जास्त."

निषाद गिटारीकडं बघायला लागला, मग कुशाबाकडं.

"म्हनून सांगतुया, बाई," कुशाबा न्यायाधीशबाईंकडं वळला. "ही वस्तू घरातलीच हाय, असं म्हनताना घरमालकाचं तोंड कसं दिसतं, ते मला ठावं हाय. रोज दाढी करताना बघतुया म्या ते. ह्या मॅकलॉडसायबाचं तोंड डिट्टो तसंच हाय."

साधनाताईंना 'डिट्टो'चं भाषांतर करावं लागलं नाही. मॅकलॉडनं उगाचच हनुवटी चाचपली.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, की तोंडावरून न्याय देता येत नाही, पुरावा लागतो. मग त्यांनी सहज विचारलं, की तो उडालेला तुकडा पुढं कुठं गेला?

इतकी वर्षं तो तुकडा वाघाच्या पोटात होता. बाहेर तो कुठं आहे याचा विचार करायचं कारणच पडलं नव्हतं. कुशाबाला आठवेना. त्यानं रंभाबाईकडं पाहिलं. तिला बोलायची बंदी. तिनं बंदी पाळली. ती फक्त पलंगावरून उठून बाजूला उभी राहिली आणि खाली बघू लागली.

माणच्या खोल्यांची फरशी सपाट असते असं कुणीच म्हणत नाही. सात नंबरच्या पलंगाचा एक पाय अधांतरी राहायचा, म्हणून रंभाबाईनं कधीकाळी त्याच्याखाली एक लाकडाची ढलपी सारली होती. कुशाबा खुर्ची सारून उठला. निषादनं पलंग उचलला. त्यानंच पायाखालची ढलपी काढली, बाहीनं पुसली आणि कॅमेऱ्यापुढं धरली. चार बोटं रुंद, एक कड गुळगुळीत आणि वळलेली, दुसरी दातेरी.

न्यायाधीशबाईंनी मॅकलॉडला काठवट पडद्यापुढं धरायला सांगितली. त्यानं त्यातली सफरचंदं काढली आणि धरली. मग निषादला तुकडा फिरवायला सांगितलं. थोडा डावीकडं, थोडा वर. मधे बारा हजार किलोमीटर होते, पण दोन चौकटी शेजारी शेजारी आल्या तशी दातेरी कड दातेरी कडेसमोर आली, आणि लाकडाची काळी रेघ एका चौकटीतून निघून दुसऱ्या चौकटीत सरळ चालत गेली. टायवाल्यानं आपला कागद हळूच उलटा ठेवला.

न्यायाधीशबाईंनी मॅकलॉडला एकच विचारलं. तुमच्या बाजारातून आणलेल्या परातीची कलाकुसर भारतात एका पलंगाखाली कशी पोचली? मॅकलॉडनं टायवाल्याकडं पाहिलं, टायवाल्यानं टायकडं. त्याच दिवशी निकाल झाला, की काठवट सात दिवसांत गौतमीला परत द्यावी. वर बाई असंही म्हणाल्या, की वाघाबद्दल अर्जदारानं जे लिहिलं ते तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, याची नोंद घ्यावी.

कोर्ट उठल्यावर कुशाबा ओंजळ तशीच धरून बसून राहिला. फोन वाजला तेव्हा तो रंभाबाईनं त्याच्या कानाला लावला. त्याला वाटलं, आता पोरगी काय बोलेल ते बोलेल.

मग गौतमी म्हणाली, "आबा, मी वाघ कोर्टाच्या कागदावर लिहिलाय. माझ्या सहीनं. अख्ख्या हॅमिल्टनमध्ये माझं हसं झालं असतं."

"चुकलं, पोरी," कुशाबा म्हणाला. हा शब्द त्यानं आधी कधी वापरला होता ते रंभाबाईला आठवेना.

पलीकडून पहिल्यांदा हुंदक्यासारखं काहीतरी आलं, आणि मग कळलं की ती हसतेय. हसता हसता म्हणाली, की आजीचा नेम चुकला म्हणून बरं, नाहीतर साक्षीदार कुठून आणला असता. आणि त्या तुकड्याला जपा, पुढच्या वेळी मी काठवट घेऊन येते, जोडून घेऊ.

पुढच्या रविवारी कुशाबाच्या फोनवरून विकास चिंचवडहून आला आणि गिटार घेऊन गेला. कुशाबानं त्याला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडायला गेला. निषादनं गिटारीचे म्हणून वाढवलेले पैसे भाड्यातून कमी करून घेतले; कुशाबानं कुरकुर केली, पण केले. तुकडा रंभाबाईनं देव्हाऱ्यात ठेवला. त्यामुळं सात नंबरचा पलंग पुन्हा डुगडुगायला लागला आणि निषाद रोज सकाळी पाचर मागायला खाली येऊ लागला.

आता वाघ गेला, तर कुशाबाची गच्ची ओस पडेल, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दोनच आठवड्यांत तो पुन्हा मधोमध बसलेला दिसला. म्हणत होता, की ताम्हिणीत वाघ पुष्कळ होऊन गेले असतील, पण कॅनडाच्या सरकारी कागदात नोंद असलेला वाघ एकच, तो आमचा. ह्यात तसं पाहिलं तर खोटं काही नव्हतं. त्यामुळं त्याला धीर आला, आणि तो कोर्टाचं वर्णन करू लागला. न्यायाधीशबाईंची खुर्ची, तो म्हणाला, वीस फूट उंच. वर चढायला शिडी. निकाल सांगताना बाई त्या शिडीवरून स्वतः खाली उतरल्या आणि म्हणाल्या...

चार नंबरमधली रेश्मा गालात हसत उठली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिनं रंभाबाईला हाक मारली. खालून ताटलीचा आवाज आला, आणि मग एकेक पायरी चढत येणारी पावलं.

कुशाबानं कान टवकारले.

"वीस म्हंजे," तो घसा खाकरून म्हणाला, "बसून बगितल्यावर. तशी खुर्ची साधीच व्हती. चाकं व्हती तिला."